शेरीनाल्याच्या पाण्यातून फेज कसे काढायचे, आणि काढल्यावर काय करायचं नाही

नमुना आणायला सकाळी सातच्या आत निघा. उशीर केलात की ऊन तापतं, शिवाय शेरीनाल्यात, म्हणजे सांगलीच्या सांडपाण्याच्या नाल्यात, बाटली सोडणाऱ्या बाईला बघायला माणसं जमतात. "तक्रार कुठं द्यायची असते हो मॅडम" इथपासून "काय सोनं-बिनं सापडलं का" इथपर्यंत सगळं मला विचारून झालंय. खरं उत्तर दिलं की पुढचे चार प्रश्न येतात, म्हणून मी "कॉलेजचं काम" एवढंच सांगते.

मी सांगलीतल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. सांडपाण्यातून बॅक्टेरियोफेज, म्हणजे जीवाणूंना खाणारे विषाणू, वेगळे करणं हे आमच्याकडचं प्रॅक्टिकल. जर्नलमध्ये ते दीड पानात उरकतं. प्रत्यक्षात चार-पाच दिवस जातात आणि पहिल्या खेपेला निम्म्या मुलांच्या प्लेटवर काहीच दिसत नाही. मग शेजारच्या बॅचची आकृती उतरवली जाते. ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहितेय.

दुसरं कारण घरातलं. दिवाळीच्या तोंडावर माझ्या मोठ्या दिरांच्या तळपायात खिळा गेला. साखर जुनी, त्यामुळे कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा जखम चिघळली होती. मिरजेला ॲडमिट केलं. पाचव्या दिवशी पुतण्यानं पूच्या कल्चरचा रिपोर्ट मोबाईलवर पाठवला. क्लेब्सिएला न्यूमोनिए. त्याखाली अँटिबायोटिकची लांब यादी आणि पुढे आर, आर, आर. दोन ओळी सोडल्या तर सगळीकडे आर, म्हणजे रेझिस्टंट. मागोमाग फोन. "काकू, तुम्ही कॉलेजात जंतू खाणारे विषाणू काढता ना? फ्रिजमध्ये असतात म्हणाला होतात. एक बाटली द्या, मी संध्याकाळी गाडी घेऊन येतो."

त्याला फोनवर मला धड काही सांगता आलं नाही. इथं प्रॅक्टिकलच्या ओघात सांगते, कारण फेज औषध का होऊ शकतो आणि माझ्या फ्रिजमधला का होऊ शकत नाही, ही दोन्ही उत्तरं प्लेट ओतता ओतताच कळतात.

आधी होस्ट ठरवा

मुलं आधी पाणी आणतात आणि मग जीवाणू शोधत बसतात. उलटं करा. फेज एकटा वाढत नाही. त्याला जिवंत जीवाणू लागतो, तोही त्याच्या पसंतीचा. तोच होस्ट. मार्केट यार्डात हळदीचा व्यापारी कसं करतो? ढिगातली कांडी उचलतो, मोडतो, आतला रंग बघतो, आणि मगच बोली लावतो. फेज आपल्या शेपटीच्या धाग्यांनी जीवाणूचा पृष्ठभाग असाच चाचपतो. हवी ती खूण लागली तर चिकटतो आणि आपला डीएनए आत सोडतो. नाही लागली तर निघून जातो. खूण जुळली की टी-४ सारखा फेज साधारण अर्ध्या तासात जीवाणू फोडून शंभरावर पिल्लं बाहेर काढतो. अँटिबायोटिक आणि फेज यांच्यातला सगळा फरक इथं आहे. अँटिबायोटिक सरसकट झोडपतं, पोटातले चांगले जीवाणूही त्यात जातात. फेज फक्त आपलं गिऱ्हाईक बघतो.

कॉलेजात होस्ट म्हणून ई. कोलायचा निरुपद्रवी लॅब स्ट्रेन घ्या, के-१२ घराण्यातला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएम संग्रहातून किंवा चंदिगडच्या एमटीसीसीतून तो रीतसर मागवता येतो. दरवर्षी कुणीतरी हुशार विद्यार्थी म्हणतोच, "मॅडम, दवाखान्यातला रेझिस्टंट जंतू आणू का, प्रोजेक्टला वजन येईल." नाही. ज्या जंतूवर डॉक्टरांचंच औषध चालत नाही, तो उघड्या बाकावर, पंख्याखाली, शेजारी डबा खाणाऱ्या मुलांमध्ये वाढवायचा नसतो. ते काम दवाखान्याशी जोडलेल्या, त्यासाठी सुरक्षित बांधलेल्या लॅबचं आणि नैतिक समितीच्या परवानगीनंतरचं.

होस्ट ताजा हवा. रात्रभर वाढलेल्या ब्रॉथमधला, म्हणजे जीवाणूंच्या पातळ खाद्यातला, एक मिलिलिटर ५० मिलिलिटर नव्या ब्रॉथमध्ये घाला आणि ३७ अंशावर हलवत ठेवा. दोन-अडीच तासांत ब्रॉथ ताकाच्या निवळीइतका धुरकट होतो. तेवढ्यातच वापरा. म्हाताऱ्या, थांबलेल्या कल्चरवर बरेच फेज मन लावून काम करत नाहीत. "मॅडम, काहीच आलं नाही" म्हणत येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आदल्या दिवशीची बाटली वापरलेली असते.

पाणी

१०० मिलिलिटरची निर्जंतुक काचेची बाटली, गळ्याला दोरी, हातात ग्लोव्ह्ज, बर्फ घातलेला थर्मास. नाला जिथं वाहता आहे तिथलं पाणी घ्या, साचलेल्या डबक्यातलं नको. बाटली काठोकाठ भरू नका. त्याच दिवशी काम सुरू करा, जमलं नाही तर ४ अंशावर फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये नको.

नालाच का, कृष्णा का नको? ई. कोलाय माणसाच्या आणि जनावराच्या आतड्यात राहतो, त्यामुळे त्याचे फेज मैल्यात भरपूर. जिथं जेवणावळ तिथं जेवणारे. एका सप्टेंबरात हौसेनं हरिपूरच्या संगमावरचं पाणी आणलं होतं. कृष्णा आणि वारणा दोन्ही दुथडी, पाणी लाल. थेट प्लेटवर लावलं तर एकही प्लाक, म्हणजे फेजनं जीवाणू खाल्ल्याचं भोक, नाही. तेच पाणी होस्टबरोबर रात्रभर वाढवलं तेव्हा थोडे दिसले. पुराच्या पाण्यात सगळंच पातळ होतं.

हा विषय निघाला की वर्गात कुणीतरी गंगेवर येतं. १८९६ साली अर्नेस्ट हँकिन या आग्र्यात काम करणाऱ्या इंग्रज जीवाणुतज्ज्ञानं दाखवलं की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू टिकत नाहीत, आणि पाणी उकळलं की त्याचा हा गुण जातो. फेजचा शोध त्याच्या जवळजवळ २० वर्षं पुढचा. १९१५ मध्ये इंग्लंडात फ्रेडरिक ट्वॉर्टला तो दिसला, १९१७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फेलिक्स द'एरेलनं त्याला बॅक्टेरियोफेज हे नाव दिलं. पेनिसिलिनच्या आधीची गोष्ट आहे ही. म्हणून हँकिनला दिसलं ते फेजचंच काम असावं असं पुष्कळ लोक मानतात. पण यावरून "बघा, नदीचं पाणी औषधी" असं जे कुणी म्हणतं, त्याला मी एकच सांगते: पाण्यात ई. कोलायचे फेज सापडले याचा अर्थ त्या पाण्यात मैला मिसळलाय. तपासणीत ती पाणी खराब असल्याची खूण धरतात.

गाळणं

आणलेलं पाणी आधी तासभर उभं ठेवा, मग साध्या फिल्टर पेपरातून गाळा, मग सेंट्रिफ्यूजला ५००० आरपीएमवर वीस मिनिटं फिरवा. वरचं नितळ पाणी ०.४५ मायक्रॉनच्या आणि शेवटी ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून काढा. ई. कोलाय साधारण दोन मायक्रॉन लांब, तो अडकतो. टी-४ शेपटीसकट ०.२ मायक्रॉनच्या आसपास, डोकं त्याच्या निम्म्याहून कमी रुंद, तो निसटतो.

घाई करून आधीच्या पायऱ्या गाळल्यात तर सिरिंज फिल्टर दोन मिलिलिटरमध्ये चोंदतो. चोंदला की बदला, जोर लावू नका. आमच्याकडे एका पैलवान गड्यानं अंगठ्यानं जोर लावला, फिल्टर सुटला, आणि शेरीनाला त्याच्या ॲप्रनवर, चष्म्यावर आणि माझ्या हजेरीपुस्तकावर. चष्मा होता म्हणून निभावलं.

वाढवणं

५० मिलिलिटर गाळलेलं पाणी, ५० मिलिलिटर दुप्पट ताकदीचा न्यूट्रियंट ब्रॉथ, ५ मिलिलिटर ताजा होस्ट. त्यात १ मोलर कॅल्शियम क्लोराईडचं निर्जंतुक द्रावण अर्धा मिलिलिटर. कॅल्शियमशिवाय कित्येक फेजना जीवाणूला नीट चिकटता येत नाही, आणि नेमकं हेच पुस्तकातल्या बारीक टाइपात असतं. ते ब्रॉथ ऑटोक्लेव्ह झाल्यावर, म्हणजे दाबाच्या वाफेनं निर्जंतुक झाल्यावर घाला, आधी घातलं तर कधी कधी गाळ बसतो. रात्रभर ३७ अंश.

दुसऱ्या दिवशी सेंट्रिफ्यूज, वरचं पाणी काचेच्या बाटलीत, त्यात एक मिलिलिटर क्लोरोफॉर्म, हलवा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा. उरलेसुरले जीवाणू मरतात, बहुतेक फेज टिकतात. क्लोरोफॉर्म तळाला बसतो, तुम्ही वरचं घ्या. खिडकी उघडी ठेवा आणि पिपेट तोंडानं ओढू नका. काचेची बाटली म्हणतेय ती उगीच नाही. स्वस्तातल्या पारदर्शक प्लास्टिकच्या नळ्या क्लोरोफॉर्मनं पांढऱ्या पडून विरघळतात. आमच्या एका बॅचचं तीन दिवसांचं काम असंच नळीच्या बुडातून बाकावर आलं.

प्लेट ओतणं

इथं सावकाश जा. सगळं प्रॅक्टिकल या पाच मिनिटांवर आहे.

खाली साध्या अगरची, म्हणजे जेलीसारख्या घट्ट खाद्याची प्लेट, दीड टक्का अगर असलेली. ती कोरडी हवी. पावसाळ्यात सांगलीत प्लेटच्या झाकणाला आतून घाम सुटतो, तो टपकला की सगळे प्लाक एकमेकांत वाहून जातात. आदल्या दिवशी ओता, रात्रभर उलट्या ठेवा, वापरायच्या आधी लॅमिनारमध्ये, म्हणजे गाळलेल्या हवेच्या पेटीत, झाकण किलकिलं करून अर्धा तास वाळवा.

वरचा थर मऊ अगरचा, १०० मिलिलिटरला ०.६ ते ०.७ ग्रॅम. तो वितळवून तीन-तीन मिलिलिटर नळ्यांत भरा आणि ४५ ते ४८ अंशांच्या पाण्यात उभा ठेवा. त्याहून गरम असला तर होस्ट भाजतो. गार झाला तर प्लेटवर पिठल्यातल्या गुठळ्या दिसतात. थर्मामीटरवर माझा विश्वास आहेच, पण होस्ट घालायच्या आधी नळी बाहेरून पुसून मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघते, तान्ह्याचं दूध बघतो तशी. सोसवेल इतकी गरम लागली की बरोबर. आमच्या कॉलेजात वॉटर बाथचा काटा कित्येक वर्षं दोन अंश पुढे होता, तो असाच सापडला.

तोवर फेजचं पाणी दहा-दहा पटीनं पातळ करत जा. ०.९ मिलिलिटर बफरमध्ये (क्षारांच्या निर्जंतुक द्रावणात) ०.१ मिलिलिटर, दर वेळी नवीन टिप. टिप बदलली नाही तर शेवटच्या प्लेटवरही पहिल्याएवढेच प्लाक येतात आणि विद्यार्थी खूश होतो. मग प्रत्येक पातळीचं ०.१ मिलिलिटर आणि होस्ट ०.३ मिलिलिटर एकत्र करून दहा मिनिटं थांबा, फेजना चिकटू द्या. ते मऊ अगरच्या नळीत घाला, दोन्ही तळव्यांमध्ये रवीसारखी फिरवा, हिसडू नका, हिसडलं की बुडबुडे येतात. लगेच प्लेटवर ओता आणि प्लेट तिरकी करत सगळीकडे पसरवा. थर बसायला पंधरा मिनिटं, मग उलटी करून ३७ अंशावर.

दोन प्लेटा जास्तीच्या ओता. एकीत होस्ट, पण फेजच्या जागी नुसता बफर. दुसरीत फेज, पण होस्ट नाही. या दोन प्लेटा नसतील तर मी जर्नलवर सही करत नाही.

चांगला फेज असेल तर पाच-सहा तासांतच खुणा दिसायला लागतात, पण सकाळची मजा वेगळी. उजेडासमोर प्लेट धरली की आरशावर तोंडाची वाफ सोडावी तसा जीवाणूंचा एकसारखा धुरकट थर दिसतो, आणि त्यात मोहरीएवढी, कुठं खसखशीएवढी, आरपार स्वच्छ भोकं. प्रत्येक भोक म्हणजे एक प्लाक, आणि तो एका फेजपासून सुरू झालेला. बुडबुडाही गोल असतो, पण त्याची कड चकाकते आणि भिंगाखाली आत पोकळ दिसतो. शंका आली तर टोचून घ्या आणि नव्या थरावर लावा. बुडबुड्याला पिल्लं होत नाहीत.

३० ते ३०० प्लाक असतील ती प्लेट मोजायला घ्या. मागून स्केचपेननं टिंब देत मोजा. समजा दहा लाख पट पातळ केलेल्या पाण्याच्या प्लेटवर ८६ प्लाक आले. आपण ०.१ मिलिलिटर घातलं होतं, म्हणून गुणिले १०, आणि गुणिले दहा लाख. पातळ करायच्या आधीच्या, रात्रभर वाढवलेल्या पाण्यात दर मिलिलिटरला ८६ कोटी फेज. याला टायटर म्हणतात. हा आकडा नसेल तर तुमच्याकडे नुसतं पिवळट पाणी आहे.

शेवटचं, एक फेज वेगळा करणं. प्लेटवर चार जातींचे प्लाक असतील. एक सुटा, स्वच्छ प्लाक निर्जंतुक टिपनं उचला, एक मिलिलिटर बफरमध्ये सोडा, पुन्हा प्लेट. असं तीनदा. गढूळ मध्य असलेले प्लाक शक्यतो सोडा. ते बऱ्याचदा अशा फेजचे असतात जे जीवाणूला मारायच्या ऐवजी त्याच्या डीएनएमध्ये मुक्काम ठोकतात. त्यांचं काय बिघडतं, ते पुढे येतंय.

सगळ्या प्लेटा १२१ अंशावर, १५ पौंड दाबाला अर्धा तास ऑटोक्लेव्ह करा आणि बाक हायपोक्लोराईटनं पुसा. फेज लॅबमध्ये पसरला की इतर बॅचच्या ई. कोलाय कल्चरची वाट लागते. माझा एक जुना विद्यार्थी डेअरीत आहे. त्याच्यासाठी फेज म्हणजे शत्रू, कारण दह्या-चीजच्या विरजणातले जीवाणू फेजनं खाल्ले की अख्खी टाकी लागत नाही. म्हणून ते विरजण आलटून पालटून वापरतात. "मॅडम, तुम्ही शोधता आणि आम्ही पळवून लावतो," म्हणतो.

पुतण्याला काय सांगायला हवं होतं

पहिलं, माझ्या बाटलीतला फेज के-१२ खातो. भाऊजींच्या पायात होता क्लेब्सिएला, अंगावर जाड चिकट कवच घेतलेला. माझा फेज त्याला शिवणारसुद्धा नाही. एवढंच काय, दोन पेशंटांच्या क्लेब्सिएलांना बहुधा वेगवेगळे फेज लागतात. म्हणून खऱ्या उपचारात आधी पेशंटचा स्वतःचा जंतू लॅबमध्ये जातो, साठ्यातले फेज एकेक करून त्यावर लावले जातात, आणि जो प्लाक पाडेल तो निवडला जातो. तीच आपली प्लेट, फक्त होस्टच्या जागी रुग्णाचा जंतू.

दुसरं, माझ्या बाटलीत नुसते फेज नाहीत. फुटलेल्या ई. कोलायच्या आवरणाचे तुकडे आहेत, त्याला एन्डोटॉक्सिन म्हणतात. रक्तात गेलं तर थंडी वाजून ताप, रक्तदाब कोसळतो. ते काढायला वेगळी यंत्रणा लागते.

तिसरं, तो मुक्काम ठोकणारा फेज. असे काही फेज स्वतःबरोबर विषाची जनुकं वाहतात. कॉलऱ्याचं विष तयार करणारं जनुक मुळात एका फेजचं आहे, हे १९९६ मध्ये सिद्ध झालं. घटसर्पाचंही तसंच. म्हणून औषधासाठीच्या फेजचा अख्खा जीनोम वाचतात: मुक्कामाचं जनुक नाही ना, विष नाही ना, रेझिस्टन्सचं जनुक नाही ना. आमच्या कॉलेजात जीनोम वाचायची सोय नाही, आणि डोळ्यांना स्वच्छ दिसणारा प्लाक हा काही दाखला नव्हे.

मग हे सगळं करून माणूस बरा होतो का? काही झालेत. अमेरिकेतले टॉम पॅटरसन हे प्राध्यापक २०१५ च्या अखेरीस इजिप्तमध्ये सहलीवर असताना आजारी पडले. पोटात ॲसिनेटोबॅक्टर, सगळ्या औषधांना पुरून उरलेला. मार्च २०१६ मध्ये सॅन डिएगोत त्यांना फेज दिले, शिरेतूनसुद्धा, आणि कोमातला माणूस उठला. त्यांच्या पत्नी स्टेफनी स्ट्रॅथडी स्वतः साथरोगतज्ज्ञ, त्यांनीच जगभर मेल करून फेज गोळा केले होते. लंडनमध्ये एका किशोरवयीन मुलीला फुप्फुसं बदलल्यावर मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस हा जीवाणू अंगभर पसरला, तिला तीन फेजचं मिश्रण दिलं. त्यातला एक, मडी नावाचा, दक्षिण आफ्रिकेत डर्बनला एका सडक्या वांग्याच्या खालच्या अंगाला सापडलेला. हे सांगितलं की आमच्या मुली हसतात. आपल्याकडे कृष्णाकाठच्या वांग्याची एवढी बढाई, आणि कुजलेलं वांगं आपण न बघता उकिरड्यावर टाकतो.

मला मात्र या चमत्कारांपेक्षा अमेरिकेतल्याच एका तळ्यातल्या फेजची गोष्ट जास्त आवडते. ओएमकेओ-१ त्याचं नाव, तो स्यूडोमोनासला लागतो. या जीवाणूकडे अँटिबायोटिक बाहेर उपसून टाकणारा पंप असतो, आणि फेज नेमका त्या पंपालाच धरतो. फेजपासून वाचायचं तर जीवाणूला पंप बिघडवावा लागतो, आणि पंप बिघडला की अँटिबायोटिक पुन्हा लागू पडतं. म्हणजे दोघांनी मिळून दोन बाजूंनी कोंडायचं. जीवाणू फेजलाही रेझिस्टंट होतात, यात शंका नको. म्हणून एकच फेज न देता मिश्रण देतात, आणि बहुतेक वेळा अँटिबायोटिक बंद करत नाहीत. बातम्यांत "अँटिबायोटिकला पर्याय" असं वाचलं की मी मनात "जोडीदार" असं वाचते.

हे काम जुनं आहे ते जॉर्जियात, तिबिलिसीच्या एलियावा संस्थेत, १९२३ पासून. पोलंडमध्ये व्रोत्सवाफला आहे. बेल्जियमनं २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पेशंटपुरतं फेज बनवून द्यायची कायदेशीर वाट काढलीय. भारतात संशोधन चालू आहे, बनारस हिंदू विद्यापीठात जुन्या, न भरणाऱ्या जखमांवर काम झालंय. पण मेडिकलच्या दुकानात जाऊन मागावं असं मान्यता मिळालेलं फेजचं औषध आपल्याकडे नाही. इंटरनेटवर कुणी बाटली विकत असेल तर त्याला टायटर विचारा, होस्ट विचारा, जीनोम विचारा. फोन ठेवून देईल.

घरात रेझिस्टंट जंतूचा रिपोर्ट आला तर नातेवाइकांनी करायच्या गोष्टी साध्या आहेत. रिपोर्टचा नुसता फोटो नको, पूर्ण कागद घ्या, जंतूचं पूर्ण नाव आणि सगळी यादी असलेला. लॅबला त्याच दिवशी सांगा की आयसोलेट, म्हणजे पेशंटचा वेगळा काढलेला जंतू, जपून ठेवा. लॅब काही दिवसांनी प्लेटा नष्ट करते, ते नियमानंच आहे, आणि नंतर कुठल्याही फेज केंद्राला विचारायचं म्हटलं तर पहिली मागणी तीच असते. संसर्गरोगाच्या डॉक्टरांचं मत मागा, मिरजेत नसतील तर पुण्यात. आणि विषाणूच्या तापावर फेज मागू नका. फेज फक्त जीवाणू खातो, डेंग्यूला तो ओळखतसुद्धा नाही.

भाऊजींचं सांगायचं राहिलं. डॉक्टरांनी सडलेला भाग काढला, दोन बोटं गेली, इन्सुलिननं साखर आवळली, आणि आर नसलेल्या दोन ओळींपैकी एक औषध १४ दिवस शिरेतून दिलं. आता चालतात. गेल्या महिन्यात सर्दी झाली तर मेडिकलवाल्याकडून स्वतःच अर्धी स्ट्रिप आणली होती, पाठीवर लाल रेघ असलेली. लाल रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. जाऊबाईंनी ती काढून घेतली आणि मला फोन करून सांगितलं.

ठेवायचं कसं

शुद्ध केलेला फेज बफरमध्ये, काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत, ४ अंशावर, उजेडापासून दूर. बरेच फेज असे महिनोन्‌महिने टिकतात, पण टिकलेत असं धरून चालू नका. फ्रान्स-बेल्जियममध्ये फॅगोबर्न नावाची मोठी चाचणी झाली. भाजलेल्या जखमांतल्या स्यूडोमोनासवर १२ फेजचं मिश्रण. दर मिलिलिटरला दहा लाख फेज द्यायचे ठरले होते. साठवणीत टायटर इतकं घसरलं की पेशंटच्या जखमेवर शंभराच्या आसपासच पोचले, आणि नेहमीच्या चांदीच्या मलमापुढे फेज हरले. तयारी वर्षानुवर्षांची होती. आम्ही दर तीन महिन्यांनी साठ्यातून एक प्लेट ओततो आणि नवा आकडा जुन्याशेजारी लिहितो. गेल्या वर्षीच्या ८६ कोटींचे मार्चमध्ये ३१ कोटी झालेत.

बाटलीवर चिठ्ठी चिकटवा: फेजचा क्रमांक, होस्टचा स्ट्रेन, नमुन्याची जागा आणि तारीख, टायटर आणि ते मोजल्याची तारीख. पेन्सिलनं लिहा, शाई ओलाव्यानं पसरते. आमच्या बाटल्यांवर गेल्या दिवाळीपासून त्याखाली आणखी एक ओळ असते, तांबड्या पेन्सिलीनं: "हे औषध नव्हे."